शिळं, ताजं आणि गोठलेलं : केडगावच्या तव्यावरचा व्हेज बर्गर

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "बर्गरचा कसला आलाय इतिहास?" (हशा) बरोबर आहे त्यांचं. निजामशाही, भुईकोट किल्ला, चाँदबीबी हे विषय सोडून आपण दुकानातल्या गोठवलेल्या व्हेज बर्गरकडे का वळलो, हे सांगायला हवं.

झालं असं की व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही चौघा-पाचजणांनी इथंच केडगावात एक प्रयोग केला. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची गोठवलेल्या व्हेज बर्गर टिक्क्यांची पाकिटं आणली. नावं घेत नाही, जाहिरातही नको आणि बदनामीही नको. जवळच्या बेकरीतून लादीपाव आणला, गोल बन आणले. एका घरच्या स्वयंपाकघरात सगळं तव्यावर भाजलं आणि चार पिढ्यांना खायला घातलं. सर्वांत मोठ्या आजी ऐंशीच्या पुढच्या, सर्वांत लहान मुलगा पहिलीतला. कुणी काय खाल्लं यापेक्षा खाण्याआधी कुणी काय विचारलं, हे आम्ही लिहून ठेवलं.

आजींनी पाकीट हातात घेतलं आणि दोन प्रश्न विचारले. "कुणी केलंय हे?" आणि "कधी केलंय?" मंडळी, मराठी स्वयंपाकघराचा निम्मा इतिहास या दोन प्रश्नांत आहे. आज आपण हे दोन प्रश्न घेऊ आणि शेवटी एका तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तो आजींनी विचारला नाही, कारण तो त्यांच्या काळात नव्हताच.

पहिला प्रश्न : कुणी केलं?

आज हा प्रश्न साधा वाटतो. दीडशे वर्षांपूर्वी त्यात जात होती. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हातचं पाणी चालतं, यावर माणूस समाजात राहणार की वाळीत पडणार हे ठरायचं. आणि त्यात पाव हा पदार्थ फार वादाचा. 'पाव' हा शब्दच पोर्तुगिजांचा. 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याकडूनच आपल्याकडे आला. आपल्या नगरच्या मुर्तझा निजामशहानं १५७०-७१ मध्ये चौलला पोर्तुगिजांना वेढा घातला होता. चौल काही हाती लागलं नाही. पोर्तुगिजांचे दोन शब्द मात्र आज केडगावच्या प्रत्येक वडापावच्या गाडीवर आहेत.

पाव म्हणजे परक्याच्या हातचं, ख्रिस्त्याच्या हातचं. म्हणून तर १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली तेव्हा सभासद होण्याची खूण काय ठेवली? ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा. जात मानत नाही हे तोंडानं सांगून भागत नसे, ते खाऊन दाखवावं लागे. आणि तेही गुपचूप, कारण सभाच गुप्त होती. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी नाही. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि मोठा गदारोळ झाला. प्रकरण ग्रामण्यापर्यंत गेलं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका कप चहापायी!

आता मधली ऐंशी-नव्वद वर्षं सोडून १९७२ च्या दुष्काळात येऊ. नगर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना तो दुष्काळ सांगावा लागत नाही. रोजगार हमीची कामं, खडी फोडणं, पाझर तलाव. आणि खायला काय? अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि वाटपातली सुकडी. आमच्या आजी म्हणाल्या, "मिलोच्या भाकरीला चव नव्हती, पण नाही म्हणायची सोय नव्हती." कुणी पिकवलं, कुणी दळलं, कुणाच्या हातून आलं, हे विचारायला जागाच नव्हती. दुष्काळानं 'कुणी केलं' हा प्रश्न काही काळ तरी गप्प केला.

आता हे पाकीट बघा. टिक्की कुणी केली? कारखान्यात यंत्रानं. बटाटा कुणी सोलला, मीठ कुणी घातलं, पट्ट्याच्या शेवटी पाकिटं भरणारा माणूस कुठल्या आळीतला, काही कळायला मार्ग नाही. पाकिटावर फक्त एक हिरवा ठिपका आहे. २००१ पासून आपल्याकडे पाकीटबंद पदार्थांवर शाकाहार-मांसाहाराची खूण सक्तीची झाली. तो ठिपका 'आत काय आहे' एवढंच सांगतो, 'कुणी केलं' हे सांगत नाही. ज्या प्रश्नासाठी रानडे-टिळकांच्या पिढीनं इतकं सोसलं, तो प्रश्न या पाकिटावर छापलेलाच नाही. आम्हाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. जात मोडायला बर्गर निघाला नव्हता, आणि त्यानं जात मोडली असंही आम्ही म्हणत नाही. त्याच घरांत पाण्याचा हंडा अजून वेगळा असू शकतो. पण निदान या एका घासापुरता तो प्रश्न विचारणं अशक्य झालं आहे.

आता थोडं बर्गरकडे.

बर्गर हा मुळात गोमांसाचा पदार्थ, नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलेलं, वाढला अमेरिकेत. मांसाला पर्याय शोधण्याची खटपटही तिथलीच आणि तीही जुनी. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम होतं. केलॉग सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्यांनी शेंगदाणे आणि गव्हाचा चीक यांपासून मांसासारखा पदार्थ करून विकायला आणला. गंमत म्हणजे याच पंथाचं स्पायसर कॉलेज १९४२ मध्ये पुण्यात खडकीला आलं आणि तिथल्या बेकरीचा पाव पुणेकरांच्या ओळखीचा झाला.

पुढे १९८२ मध्ये लंडनला ग्रेगरी सॅम्स यांनी 'व्हेजबर्गर' या नावानं कोरडं मिश्रण बाजारात आणलं. पाणी घालायचं, थापायचं, तळायचं. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत ओरेगन राज्यात पॉल वेनर नावाच्या गृहस्थांचं शाकाहारी हॉटेल होतं. त्यांनी उरलेल्या भाज्या आणि उरलेला भात एकत्र मळून त्याची वडी केली, पावात घातली. त्यातून पुढे 'गार्डनबर्गर' हा मोठा गोठवलेला माल उभा राहिला. लक्षात घ्या, उरलेला भात आणि उरलेल्या भाज्या! आपल्याकडे याला काय म्हणतात? कटलेस. उरलेल्या भाताचे कटलेस, शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाकरीचा काला. म्हणजे जगात नाव काढलेल्या एका व्हेज बर्गरचा जन्मच शिळ्यातून झालेला आहे.

आपल्याकडे मात्र बर्गर वेगळ्या दारानं आला. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत मॅकडोनाल्ड्सचं पहिलं दुकान उघडलं आणि लगेच मुंबईत. भारतात त्यांनी गोमांस आणि डुकराचं मांस ठेवलंच नाही. पुढे आलू टिक्कीचा बर्गर आला आणि तोच सर्वांत घरोघरी गेला. परदेशात व्हेज बर्गर ही मांसाची बदली. इथं तो बटाट्याचा आणखी एक अवतार. १९६६ पासून दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर पावात बटाटा घालून विकला जात होताच. त्यामुळे आपल्या पोरांना बर्गर समजावून सांगावा लागला नाही.

आमच्या प्रयोगात हे फार स्पष्ट दिसलं. पहिलं पाकीट बटाटा, वाटाणा, गाजराचं. आजी म्हणाल्या, "हे तर कटलेस. मीठ जरा जास्त आहे." खाल्लं, दुसरं मागितलं, फक्त आतल्या सॉसऐवजी शेंगदाण्याची चटणी लावून. दुसरं पाकीट सोयाबीनचं, मांसासारखं लागावं म्हणून मुद्दाम केलेलं. माळकरी असलेल्या एका काकांनी एक घास घेतला आणि थाळीत ठेवून दिला. "हिरवा ठिपका आहे हे मान्य, पण दाताला मटणासारखं लागतंय. मला नको." दर रविवारी मटण खाणारा त्यांचा पुतण्या शेजारीच होता. तो म्हणाला, "काका, मटणासारखं अजिबात लागत नाही." (हशा) म्हणजे एकाला ते फार मांसासारखं लागलं आणि दुसऱ्याला फारच कमी. नकली मांसाला ज्या गिऱ्हाईकाची गरज आहे तो इंग्लंड-अमेरिकेत आहे, ज्याला मांस आवडतं पण सोडायचंय. आमच्या पंगतीत तसा कुणी नव्हता. इथं शाकाहारी माणसाला मांसाची आठवण नको असते आणि मांसाहारी माणसाला नक्कल नको असते.

दुसरा प्रश्न : कधी केलं?

पाकिटावर तारीख होती, चार महिन्यांपूर्वीची. आजींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "चार महिने? मग हे शिळं की ताजं?"

हा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका. शिळं म्हणजे काय, याची आपल्याकडे बारीक समज आहे. पापड आठ महिन्यांचा असला तरी शिळा नाही. कुरडया, सांडगे, शेवया, लोणचं, यांतलं काही शिळं नाही. पण रात्रीची आमटी सकाळी शिळी. भाकरी दुपारपर्यंत चालते, उद्या शिळी. यात सूत्र काय? पाणी. ज्यात पाणी मोकळं आहे ते शिळं होतं. ज्यातलं पाणी उन्हानं काढून घेतलं, किंवा मिठा-तेलानं बांधून टाकलं, ते टिकतं. आजचं अन्नशास्त्र हेच सांगतं, जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. आपल्या बायकांनी चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवणं घालून हे शास्त्र पिढ्यान् पिढ्या चालवलं.

गोठवणं ही त्याच गोष्टीची दुसरी वाट. पाणी काढत नाहीत, जागच्या जागी बर्फ करून टाकतात. उणे १८ अंशांवर जंतू मरतातच असं नाही, पण वाढू शकत नाहीत. म्हणून आम्ही आजींना म्हणालो, "हे थंडीचं वाळवण आहे असं समजा." त्यांना ते पटलं.

पण उन्हाळा नगरला फुकट मिळतो, थंडी फुकट मिळत नाही. थंडी ही या भागात कायम श्रीमंतीची गोष्ट. निजामशाहीत सोळाव्या शतकात नगरजवळ फराहबाग बांधली, भोवती तलाव आणि मधोमध महाल, कशासाठी? वारा गार व्हावा म्हणून. बर्फ तर अठराशे तेहेतीस साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजानं कलकत्त्याला आला. तळ्यांवरचा नैसर्गिक बर्फ, भुशात गुंडाळून चार महिन्यांचा प्रवास. नंतर मुंबईतही बर्फघर झालं. तो बर्फ साहेबांसाठी आणि शेठजींसाठी.

गोठवून अन्न विकण्याचं आजचं तंत्र क्लॅरेन्स बर्ड्सआय यांचं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते आजच्या कॅनडाच्या ईशान्य भागात लॅब्राडोरमध्ये होते. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडत आणि ते क्षणात गोठत. महिन्यांनंतर शिजवले तरी मासा ताज्यासारखा. बर्ड्सआयनी ओळखलं की गोम वेगात आहे. हळूहळू गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते अन्नाच्या पेशी फाडतात. झपाट्यानं गोठलं तर स्फटिक बारीक राहतात, इजा कमी होते. १९३० मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड शहरात दुकानांतून असा माल विकायला सुरुवात झाली.

भारतात गोदरेजनं पहिला देशी फ्रीज काढला १९५८ मध्ये. पण खेड्यात थंडी फ्रीजमधून आली नाही. नगर जिल्ह्यात ती आली दोन वाटांनी. एक दुधाची, संकलन केंद्रावरचे शीतटाक्यांचे हौद. दुसरी लसीची. 'शीतसाखळी' हा शब्द आपल्यातल्या बहुतेकांनी पोलिओच्या डोसाच्या वेळीच ऐकला असेल. आरोग्यसेविका खांद्याला निळा डबा लावून यायची, आत बर्फाच्या पिशव्या. लहान पोरांना वाटायचं कुल्फीवाली आली. (हशा) त्या डब्यामागचा नियम हाच होता, कारखान्यापासून बाळाच्या तोंडापर्यंत थंडी कुठंही तुटता कामा नये.

आणि इथं तिसरा प्रश्न येतो : थंडी तुटली का?

आमचं तिसरं पाकीट. उघडलं तर टिक्क्या सुट्या नव्हत्या, एकमेकींना चिकटून एकच गोळा झालेला. आत जाड मिठासारखे बर्फाचे खडे. तव्यावर टाकल्या तर पाणी सुटलं, तेल उडालं आणि टिक्की मोडून पडली. पहिल्या दोन पाकिटांचं असं झालं नव्हतं. त्या फ्रीझरमधून थेट मंद आचेवर टाकल्या, झाकण न ठेवता दोन्ही बाजू पाच-पाच मिनिटं भाजल्या, छान खरपूस झाल्या. मग तिसऱ्याचं काय झालं? वाटेत कुठंतरी, टेम्पोत म्हणा, दुकानात रात्री वीज गेली तेव्हा म्हणा, ते वितळलं आणि पुन्हा गोठलं. पुन्हा गोठताना घरगुती वेगानं, म्हणजे हळू. म्हणून मोठे खडे. बर्ड्सआयचं शास्त्र आमच्या तव्यावर उलटं दिसलं. ते पाकीट आम्ही कुणाला खाऊ घातलं नाही.

पाकिटावर तारीख बरोबर होती, मुदत संपायला बरेच महिने होते. तारीख खोटं बोलत नव्हती, पण तिला वाटेतलं काही माहीत नव्हतं. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं तुम्हाला आठवत असतील. तेव्हा हा माल इथं टिकलाच नसता. आज केडगावच्या किराणा दुकानात काचेचा फ्रीझर दिसतो, याचा अर्थ वीज सुधारली. पण पापड जसा वीज गेली म्हणून बिघडत नाही, तसं याचं नाही. म्हणून घेताना पाकीट हलवून बघा. आतल्या टिक्क्या सुट्या वाजल्या तर घ्या. दगडासारखा एकच गोळा असेल, कडेनं बर्फ साचला असेल, तर ठेवून द्या. आणि घरी एकदा वितळलं की पुन्हा गोठवू नका.

आता शेवटचं. प्रयोगाच्या त्या घरात आजींची नातसून होती. नागापूरच्या एमआयडीसीत कामाला जाते. सगळं आवरल्यावर भांडी घासता घासता ती म्हणाली, "सकाळी सहाला मला गाडी पकडायची असते. रात्रीची भाजी डब्यात दिली तर घरात म्हणतात, शिळं काय देतेस. आणि हे चार महिन्यांचं सगळ्यांनी कौतुकानं खाल्लं."

स्वयंपाकघरात कुणी काही बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी उन्हाळ्यात रात्रीची आमटी सकाळी फेसाळायची. पोरं आजारी पडायची. म्हणून शिळं नको म्हणायचो. आता फ्रीज आहे, ते माझ्या ध्यानात येत नाही."

मंडळी, आमच्या मते आजच्या व्याख्यानातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते आहे. 'शिळं नको' हा नियम पाण्याचा होता, उन्हाचा होता. पण तो पाळायचं काम एकाच माणसाकडं आलं, पहाटे उठून चूल पेटवणारीकडं. कारण मागे राहिलं आणि नियम पुढे चालत आला. आपल्याच परंपरेनं वर्षातून एक दिवस तरी याला सूट दिली आहे. श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार अन्न खायचं, तेही देवीचा मान म्हणून. त्या दिवशी शिळं चालतं, नव्हे, तेच लागतं.

परंपरा बदलत नाही असं म्हणणाऱ्यांनी नवरात्रात आपल्या केडगावच्या रेणुकामातेच्या यात्रेत उपवासाचं ताट बघावं. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिथलाच. देवीनं कधी विचारलं नाही, हे कुठून आलं. (हशा)

तेव्हा गोठवलेला बर्गर रोज खा, असं आम्ही सांगत नाही. त्यात मीठ बरंच असतं, आणि घरची उकडलेल्या बटाट्याची टिक्की चवीला उजवी ठरली, हे आमच्या पंगतीत सगळ्यांनी मान्य केलं. पण कंपनीच्या फ्रीझरला आपण जो विश्वास देतो, तो घरच्या फ्रीजमधल्या रात्रीच्या भाजीला आणि ती करणारीला का देत नाही, एवढं आज घरी जाताना मनात असू द्या.

प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटं आहेत. आजोबा, पहिला प्रश्न तुमचा.

(आजोबा : "मला एकच विचारायचंय. पहिलं पाकीट कुठल्या दुकानात मिळालं?" हशा आणि टाळ्या.)